मराठवाड्यातील जुन्या वाहन-नोंदणी पाट्या : संकलन, ओळख आणि जतन (विशेष संदर्भ : नांदेड व लातूर जिल्हे)

प्रस्तावना :

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी आणि दप्तरखान्यातील कागदपत्रे डोळ्यांसमोर येतात. विसाव्या शतकाच्या इतिहासासाठी मात्र साधनांची ही यादी अपुरी ठरते. रेल्वेची तिकिटे, रेशनकार्डे, टपाल-शिक्के, दुकानांच्या पाट्या अशा दैनंदिन वस्तूही त्या काळाच्या राज्यव्यवस्थेची साक्ष देतात. वाहनाची नंबर प्लेट ही याच प्रकारातील एक उपेक्षित वस्तू होय. तीवरील दोन-तीन अक्षरे व चार अंक यांत ते वाहन कोणत्या राज्यात, कोणत्या कायद्याखाली आणि साधारणपणे कोणत्या काळात नोंदले गेले, याची माहिती साठविलेली असते.

मराठवाड्याच्या संदर्भात या साधनाचे महत्त्व विशेष आहे. हैदराबाद संस्थान, भारतीय संघराज्यातील हैदराबाद राज्य, द्वैभाषिक मुंबई राज्य आणि महाराष्ट्र अशी चार राजकीय स्थित्यंतरे या प्रदेशाने एका पिढीच्या आयुष्यात अनुभवली. या प्रत्येक स्थित्यंतराची खूण वाहनांच्या नोंदणी-चिन्हांवर उमटली आहे. परंतु राज्यात दिनांक १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या सर्व वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसविणे बंधनकारक करण्याची प्रक्रिया २०२४ च्या अखेरीस सुरू झाली आणि जुन्या पाट्या मोठ्या प्रमाणावर गाड्यांवरून उतरू लागल्या. उतरलेली पाटी बहुधा भंगारात जाते. त्यामुळे या साधनाच्या संकलनाचा विचार आजच करणे अगत्याचे ठरते.

उद्दिष्टे :

१) भारतातील वाहन-नोंदणी चिन्हांच्या पद्धतीचा विकास थोडक्यात स्पष्ट करणे.
२) नांदेड व लातूर परिसरात आढळू शकणाऱ्या जुन्या पाट्यांचे कालखंडानुसार वर्गीकरण करणे.
३) पाटीची ओळख पटविण्याचे निकष मांडणे.
४) संकलन व जतन करताना पाळावयाची पथ्ये आणि महाविद्यालयांची भूमिका विशद करणे.

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून मोटार वाहन कायदे, त्याखालील नियम आणि प्रदेशाचा प्रशासकीय इतिहास यांचा आधार घेतला आहे.

नोंदणी-चिन्ह व नोंदणी-पाटी : एक आवश्यक भेद

विषयाच्या आकलनासाठी दोन संकल्पनांमधील भेद प्रथम लक्षात घ्यावा लागतो. 'नोंदणी-चिन्ह' म्हणजे शासनाने वाहनास दिलेला क्रमांक. 'नोंदणी-पाटी' म्हणजे तो क्रमांक ज्यावर लिहिला जातो ती प्रत्यक्ष वस्तू. पॅरिसमध्ये १८९३ साली पोलिसांच्या आदेशाने वाहनांवर पाटी लावण्याची सक्ती झाली. नेदरलँड्समध्ये १८९८ पासून आणि ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्यानुसार १ जानेवारी १९०४ पासून अशी पद्धत रूढ झाली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९०३ पासून स्वतः पाट्या तयार करून देण्यास सुरुवात केली. पुढे अमेरिकेत पाटी ही शासनाने घडविलेली, साच्यातून काढलेली व ठरावीक काळाने बदलणारी वस्तू बनली. म्हणूनच तेथे पाट्या जमविण्याचा छंद टपाल तिकिटांच्या छंदाप्रमाणे वाढला व १९५४ मध्ये संग्राहकांची देशव्यापी संघटनाही स्थापन झाली.

भारतातील स्थिती याहून मुळातच भिन्न आहे. येथे शासनाने क्रमांक दिला. पाटी मात्र वाहनमालकाने आपल्या खर्चाने, आपल्या गावच्या पेंटरकडून करून घेतली. नियमांनी रंग, अक्षरांची उंची आणि जाडी ठरवून दिली होती, पण पत्रा कोणता, अक्षराचे वळण कसे, कडेला रेघ ओढायची की नाही, हे पेंटरच्या हातावर अवलंबून राहिले. परिणामी एकाच दिवशी, एकाच कार्यालयात नोंदलेल्या दोन गाड्यांच्या पाट्याही सारख्या नसतात. भारतीय पाटी ही एकाच वेळी शासकीय नोंद आणि लोककारागिरीचा नमुना आहे, हेच तिचे वैशिष्ट्य होय. क्रमांकाची नोंद शासनाच्या दप्तरात राहते. पाटी मात्र एकदा गेली की पुन्हा मिळत नाही.

कायद्यांचा आधार :

ब्रिटिश हिंदुस्थानात १९१४ च्या कायद्याने मोटार वाहनांच्या नियमनाचा पाया घातला. त्यानंतर आलेल्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने नोंदणी-चिन्हांना एकसूत्रीपणा दिला. या कायद्याच्या सहाव्या अनुसूचीत प्रत्येक प्रांतास अक्षरगट नेमून देण्यात आले व त्या अक्षरगटानंतर चारांपेक्षा अधिक नसलेल्या अंकांची संख्या असावी, अशी रचना ठरली. एका अक्षरगटात ९,९९९ वाहने बसतात. पहिली दोन अक्षरे कायम ठेवून तिसरे अक्षर बदलत गेल्यास, गोंधळ टाळण्यासाठी इंग्रजी 'आय' व 'ओ' वगळून, २४ गट मिळतात. म्हणजे एकूण २,३९,९७६ क्रमांक. वाहनांची संख्या वाढताच राज्यांना नव्या अक्षरजोड्या का घ्याव्या लागल्या, हे या साध्या गणितावरून स्पष्ट होते.

त्यानंतर १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. केंद्र शासनाने जून १९८९ मधील अधिसूचनेद्वारे राज्यांना दोन अक्षरी संकेत दिले. महाराष्ट्रास 'एम.एच.' हा संकेत मिळाला व त्यापुढे नोंदणी कार्यालयाचा अंक आला. या बदलाचे मर्म असे की, जुन्या पद्धतीत जिल्ह्याची ओळख अक्षरगटात दडलेली होती आणि ती केवळ जाणकारास कळे. नव्या पद्धतीत ती कोणासही वाचता येऊ लागली. 'नांदेड पासिंग', 'लातूर पासिंग' असे शब्दप्रयोग बोलीत इतके रुळले, त्याचे एक कारण हेच होय.

नांदेड-लातूर परिसरातील पाट्यांचे कालखंड :

अ) हैदराबाद कालखंड (१९५६ पूर्वी) : औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानात मोटार वाहतुकीला संघटित रूप आले ते जून १९३२ मध्ये. त्या वेळी निजाम राज्य रेल्वेच्या अखत्यारीत रस्ते वाहतूक विभाग स्थापन झाला व २७ बस आणि १६६ कर्मचारी यांनिशी सेवा सुरू झाली. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५० पासून हैदराबाद हे संघराज्याचे घटक राज्य बनले. या राज्याचा अक्षरसंकेत 'एच.वाय.' असा होता. त्यापुढे तिसरे अक्षर व नंतर अंक, अशी मांडणी असे.

हैदराबादच्या सरकारी बसगाड्यांच्या क्रमांकात येणाऱ्या इंग्रजी 'झेड' या अक्षराविषयी एक आख्यायिका प्रचलित आहे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या मातोश्री झहरा बेगम यांच्या नावाचे आद्याक्षर म्हणून ते आले, असे सांगितले जाते. आख्यायिकेचा ऐतिहासिक भाग बाजूला ठेवला, तरी आंध्र प्रदेश व पुढे तेलंगणातील परिवहन महामंडळाच्या बसगाड्यांवर हे अक्षर दीर्घकाळ टिकले, ही बाब ओळखीच्या दृष्टीने उपयुक्त आहे. देगलूर, धर्माबाद किंवा उदगीर येथील भंगारात असे अक्षर असलेली पाटी सापडल्यास ती सीमेपलीकडील बसची असण्याचा विचार प्रथम करावा.

ब) द्वैभाषिक मुंबई राज्याचा कालखंड (१९५६ ते १९६०) : १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने मराठवाडा मुंबई राज्यात समाविष्ट झाला. मुंबई राज्याची नोंदणी 'बी.एम.' व 'बी.वाय.' यांनी सुरू होणाऱ्या अक्षरगटांत होत असे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. नांदेडमधील एखादे वाहन त्या दिवशी जागचे हलले नव्हते. हलली होती ती राज्याची सीमा. म्हणून नांदेडमध्ये मिळालेली 'एच.वाय.' पाटी हैदराबाद शहरातून आलेलीच असेल असे नाही. ती नांदेडचीही असू शकते. तसेच 'बी.वाय.' पाटी मुंबई इलाख्याची, गुजरातेची किंवा मराठवाड्याची असू शकते, कारण त्या चार वर्षांत हे सारे प्रदेश एकाच राज्यात नांदत होते. हा कालखंड अवघ्या साडेतीन वर्षांचा असल्याने या काळात मराठवाड्यात नोंदलेल्या वाहनाची, कागदपत्रांनी सिद्ध होणारी पाटी ही संग्रहाच्या दृष्टीने अत्यंत मोलाची समजावी.

क) महाराष्ट्राचा तीन अक्षरी कालखंड (१९६० ते १९८९) : १ मे १९६० नंतर 'एम.' या अक्षराने सुरू होणारे गट प्रचारात आले. 'एम.आर.', 'एम.एच.', 'एम.टी.', 'एम.डब्ल्यू.', 'एम.एक्स.' इत्यादी जोड्या व त्यापुढे तिसरे अक्षर, असे त्यांचे स्वरूप आहे. रस्त्यांवर राजदूत, जावा व येझदी, बुलेट, लँब्रेटा, बजाज चेतक आणि लुना दिसू लागल्या तो हाच काळ. फियाट व ॲम्बॅसडर मोटारी, महिंद्रा जीप आणि टाटा-मर्सिडीज ट्रक यांचाही हाच काळ. आज प्रत्यक्षात सापडणाऱ्या जुन्या पाट्यांपैकी मोठा वाटा याच काळाचा असणे स्वाभाविक आहे. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होते. ऑगस्ट १९८२ मध्ये स्वतंत्र लातूर जिल्हा अस्तित्वात आला. तेव्हा 'लातूर जिल्ह्याची १९७५ ची पाटी' असा उल्लेख शास्त्रशुद्ध ठरत नाही. 'लातूर गावातील वाहनाची पाटी' असे म्हणणे योग्य.

ड) जिल्हा-अंकांचा कालखंड (१९८९ नंतर) : मराठवाड्यास एम.एच.-२० पासून पुढील अंक मिळाले. औरंगाबाद २०, जालना २१, परभणी २२, बीड २३, लातूर २४, उस्मानाबाद २५ व नांदेड २६ असा तो क्रम आहे. औरंगाबाद व उस्मानाबाद यांची नावे आज अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशी झाली असली, तरी अंक बदललेले नाहीत. मे १९९९ मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोलीस ३८, अंबाजोगाईच्या कार्यालयास ४४ आणि अलीकडे उदगीरच्या कार्यालयास ५५ हे अंक मिळाले. म्हणजे उदगीरच्या एखाद्या कुटुंबाकडील तीन पिढ्यांच्या गाड्या पाहिल्यास 'एच.वाय.' पासून 'एम.एच.-५५' पर्यंतचा प्रशासकीय इतिहास क्रमाने उलगडू शकतो. या कालखंडातील आरंभीच्या क्रमांकांत जिल्हा-अंकानंतर थेट अंक किंवा एकच मालिका-अक्षर आढळते. दोन अक्षरांच्या मालिका नंतरच्या होत.

ओळखीतील सापळे :

पहिला सापळा 'एम.' या अक्षराचा आहे. जुन्या पद्धतीत 'एम.' म्हणजे महाराष्ट्रच असे नाही. 'एम.वाय.' म्हैसूरचे, 'एम.एस.' मद्रासचे, तर 'एम.पी.' मध्य प्रदेशाचे. बिदर व गुलबर्गा हे पूर्वीच्या हैदराबाद राज्यातील जिल्हे १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेले. त्यामुळे निलंगा, देवणी, उदगीर या भागांत 'एम.वाय.' पाटी मिळणे अस्वाभाविक नाही. विदर्भालगतच्या किनवट-माहूर भागात जुन्या मध्य प्रांताची 'सी.पी.' ही अक्षरेही दृष्टीस पडू शकतात.

दुसरा सापळा 'एम.एच.' चा आहे. तीन अक्षरी पद्धतीतील 'एम.एच.' ही केवळ एका गटाची पहिली दोन अक्षरे होती. १९८९ नंतरचा 'एम.एच.' हा संपूर्ण राज्याचा संकेत आहे. लगेच पुढे तिसरे अक्षर आले तर पाटी जुनी. अंक आले तर नवी. झिजलेल्या पाटीवर हा फरक तपासून घ्यावा लागतो.

तिसरा सापळा एस.टी. बसचा आहे. मराठवाड्याची परिवहन सेवा १९६१ मध्ये राज्य महामंडळात विलीन झाली. महामंडळाच्या गाड्यांची बांधणी प्रामुख्याने दापोडी, चिकलठाणा व नागपूर येथील मध्यवर्ती कार्यशाळांत होत आली आणि नोंदणीही त्या ठिकाणच्या कार्यालयात होत असे. त्यामुळे आयुष्यभर नांदेड किंवा लातूर आगारात धावलेल्या बसवर एम.एच.-२० अथवा एम.एच.-१४ दिसते. एस.टी.च्या बाबतीत पाटी वाहनाचे जन्मस्थान सांगते, कर्मभूमी नव्हे.

चौथा सापळा स्थलांतराचा. १९८८ च्या कायद्याच्या कलम ४७ नुसार एखादे वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवल्यास तेथील नवे चिन्ह घ्यावे लागते. निजामाबाद, आदिलाबाद व बिदर यांच्याशी व्यापार-सोयरिकीचे संबंध असलेल्या सीमाभागात अशी दुहेरी नोंदणीची उदाहरणे साहजिकच संभवतात. जुन्या अंकावर नवा अंक रंगविलेली पाटी म्हणूनच खोटी समजू नये. तिरप्या प्रकाशात पाहिल्यास खालच्या थरातील अंकांचे उठाव अनेकदा दिसतात. १९८९ नंतरच्या शेजारी पाट्यांसाठी पुढील संकेत उपयोगी पडतात : बिदर के.ए.-३८, गुलबर्गा के.ए.-३२, अविभाजित आंध्रातील आदिलाबाद ए.पी.-१ व निजामाबाद ए.पी.-२५. तेलंगणाच्या निर्मितीनंतर २०१४ मध्ये 'टी.एस.' व मार्च २०२४ पासून 'टी.जी.' हे संकेत आले. हजूर साहिबच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंमुळे नांदेडमध्ये पंजाबच्या 'पी.बी.' पाट्याही दिसतात.

वस्तुरूप पुराव्यांचे निकष :

रंग : दीर्घकाळ खाजगी वाहनाची पाटी काळी व अक्षरे पांढरी, तर वाहतुकीच्या वाहनांची पाटी पांढरी व अक्षरे काळी असत. चालू शतकाच्या आरंभी ही पद्धत बदलली. खाजगी वाहनांसाठी पांढऱ्यावर काळी व वाहतुकीच्या वाहनांसाठी पिवळ्यावर काळी अक्षरे आली. म्हणजे पांढरी पाटी जुन्या काळी ट्रकची आणि पुढच्या काळी मोटारीची. रंगाचा अर्थ कालखंड ठरवूनच लावला पाहिजे. भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाड्यांची काळ्यावर पिवळी व २०१८ पासून विजेवरील वाहनांची हिरवी पाटी हे अलीकडचे प्रकार होत.

मापे : १९८९ च्या केंद्रीय नियमांतील नियम ५१ नुसार मोटारी व मोठ्या वाहनांवरील अक्षरांची उंची ६५ मिलिमीटर व जाडी १० मिलिमीटर असावयास हवी. ७० घनसेंटिमीटरपेक्षा कमी क्षमतेच्या दुचाकीच्या पुढील पाटीसाठी ती केवळ १५ मिलिमीटर आहे. त्यामुळे वाहन उपलब्ध नसतानाही, लहान अक्षरांची पाटी लुनासारख्या मोपेडची असावी असा तर्क करता येतो.

आकार : जुन्या मोटारसायकलींच्या पुढील मडगार्डवर, चाकाच्या दिशेत उभी बसविलेली व दोन्ही बाजूंनी लिहिलेली वक्राकार पाटी असे. १९८९ च्या नियमांनी पुढील चिन्ह हँडलला समांतर, समोरून दिसेल असे लावण्याचे ठरविले. म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिलेली वक्र पाटी ही जुन्या घडणीची ठळक खूण मानता येते.

साहित्य व तंत्र : लोखंडी पत्र्यावर ब्रशने रंगविलेली अक्षरे, ॲल्युमिनियमची ओतीव अक्षरे रिव्हेटने ठोकलेली पाटी, ॲक्रिलिकवर चिकटविलेली अक्षरे आणि ज्यास सर्वत्र 'रेडियम' म्हणतात ती परावर्तक चिकटपट्टी, असा साधारण प्रवास दिसतो. तथापि हे टप्पे एकमेकांत मिसळलेले आहेत. रेडियम आल्यानंतरही ट्रक-ट्रॅक्टरवर ब्रशचे काम चालूच राहिले. तंत्रावरून काळाचा अंदाज बांधावा; निर्णय मात्र अक्षरगट व कागदपत्रे यांवरून घ्यावा.

लिपी व अलंकरण : केंद्रीय नियमांनुसार अक्षरे इंग्रजी व अंक आंतरराष्ट्रीय स्वरूपाचे असावे लागतात. प्रत्यक्षात देवनागरी पाट्याही महाराष्ट्रात दिसत आल्या. ४१४१ हा क्रमांक 'दादा' असा, २१४ हा 'राम' असा किंवा ८०५५ हा इंग्रजी 'बॉस' असा वाचला जाईल अशी अंकांची वळणे पेंटर मंडळींनी रूढ केली. कायद्याच्या दृष्टीने ही पाटी सदोष. समाजशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती प्रतिष्ठा, श्रद्धा व स्थानिक राजकारण यांचा बोलका पुरावा आहे.

संकलन व जतन :

जुन्या पाट्या मिळण्याची ठिकाणे म्हणजे भंगारची दुकाने, गॅरेज, जुन्या वाड्यांची अडगळ, बंद पडलेल्या जिनिंग व तेलगिरण्यांची आवारे आणि शेतातील गोठे. पत्रा टिकाऊ असल्याने अनेकदा तो छपराला ठिगळ किंवा कणगीला झाकण म्हणून वापरला जातो. पाटी मिळताच पुढील नोंद करावी : सापडल्याचे ठिकाण व दिनांक, देणाऱ्याची संमती, वाहनाचा प्रकार, मापे, साहित्य, छिद्रांची संख्या व अंतर, दोन्ही बाजूंची मोजपट्टीसह छायाचित्रे आणि मालकाच्या कुटुंबाने सांगितलेली माहिती. आर.सी. बुक, विम्याचा कागद किंवा गाडीसोबतचे जुने छायाचित्र उपलब्ध असल्यास त्याची प्रत जोडावी. संदर्भाविना मिळालेली पाटी हा केवळ पत्रा असतो. संदर्भासह मिळालेली पाटी हे साधन ठरते.

पाटी स्वच्छ करण्याच्या उत्साहात ती घासणे, तेल लावणे किंवा पुन्हा रंगविणे कटाक्षाने टाळावे. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडावी, प्रत्येक पाटी स्वतंत्र कागदात गुंडाळून कोरड्या जागी उभी ठेवावी आणि क्रमांकाची चिठ्ठी पाटीवर न चिकटविता दोऱ्याने बांधावी. शोभेसाठी नव्याने बनविलेल्या 'जुन्या' पाट्याही बाजारात येतात. छिद्रांभोवती झीज नसणे, मागील बाजू कोरी असणे आणि गंज अक्षरांच्या वरून सर्वत्र सारखाच पसरलेला असणे, ही त्यांची लक्षणे होत.

कायदेशीर पथ्येही तितकीच महत्त्वाची आहेत. चालू नोंदणी असलेल्या वाहनाची पाटी संग्रहासाठी घेऊ नये. तिचा दुसऱ्या वाहनावर गैरवापर झाल्यास संग्राहकही अडचणीत येतो. वाहन नष्ट झाल्यास किंवा कायमचे निकामी झाल्यास कलम ५५ नुसार मालकाने चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचे असते. अशी नोंदणी रद्द झाल्याची खात्री करूनच पाटी स्वीकारावी. उच्च सुरक्षा पाटी बसविताना उतरलेल्या पाटीचा क्रमांक चालूच असतो, म्हणून तिची छायाचित्ररूप नोंद करणे हाच सुरक्षित मार्ग आहे. अशी छायाचित्रे प्रसिद्ध करताना शेवटचे अंक झाकावेत.

पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी व चारचाकी वाहने मूळ स्वरूपात राखणाऱ्यांसाठी जुलै २०२१ मधील नियमदुरुस्ती दिलासादायक आहे. अशा 'व्हिंटेज' वाहनांची नवी नोंदणी करताना राज्यसंकेतानंतर 'व्ही.ए.', दोन मालिका-अक्षरे व चार अंक असे चिन्ह मिळते. त्यासाठी शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षांसाठी असते. आधीच नोंदलेल्या वाहनास मात्र मूळ चिन्ह कायम ठेवता येते. ज्या कुटुंबाकडे जुन्या अक्षरगटाचे वाहन आहे, त्याने नवे चिन्ह घेण्यापूर्वी या तरतुदीचा अवश्य विचार करावा.

महाविद्यालयांची भूमिका :

उच्च सुरक्षा पाटी ही एक मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमची, अशोकचक्राचा होलोग्राम व लेसरने कोरलेला क्रमांक असलेली, पुन्हा न उघडणाऱ्या कुलुपाने बसविलेली पाटी आहे. वाहनचोरी व बनावट क्रमांक यांस आळा घालण्यासाठी तिची उपयुक्तता वादातीत आहे. प्रश्न तिला विरोध करण्याचा नसून तिच्यामुळे नाहीशा होणाऱ्या वस्तूची नोंद ठेवण्याचा आहे. हे काम फार खर्चाचे नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील महाविद्यालयांच्या इतिहास, समाजशास्त्र व मराठी विभागांनी एकत्र येऊन प्रकल्पकार्याचा भाग म्हणून ते हाती घेता येईल. विद्यार्थ्याने आपल्या गावातील दहा पाट्यांची वरील नमुन्यात नोंद करावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात जुन्या पेंटरांच्या मुलाखती घ्याव्यात. ग्रंथालयाने छायाचित्रांची सूची सांभाळावी. पेंटरांच्या मुलाखतींचे काम विशेष निकडीचे आहे. हाताने अंक लिहिणारी पिढी वृद्ध झाली असून तिच्या जागी प्रथम रेडियमचे यंत्र व आता कारखान्यातून येणारी पाटी आली आहे.

निष्कर्ष :

१) भारतात नोंदणी-चिन्ह शासनाचे व पाटी कारागिराची असल्याने जुनी पाटी हे प्रशासकीय व सांस्कृतिक असे दुहेरी साधन आहे.
२) नांदेड व लातूर परिसरात हैदराबाद, मुंबई व महाराष्ट्र या तीन राज्यांच्या नोंदणी-परंपरा एकत्र आढळतात, मराठवाड्याच्या या वैशिष्ट्याचा अभ्यास पाट्यांच्या आधारे करता येतो.
३) केवळ पहिल्या अक्षरावरून किंवा रंगावरून निर्णय न घेता अक्षरगट, मापे, आकार, तंत्र व कागदपत्रे यांचा एकत्रित विचार करणे आवश्यक आहे.
४) उच्च सुरक्षा पाट्यांच्या अंमलबजावणीमुळे जुन्या पाट्या नामशेष होत असल्याने त्यांचे छायाचित्ररूप दस्तऐवजीकरण महाविद्यालयांनी तातडीने हाती घेणे गरजेचे आहे.

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा इतिहास मराठवाड्याने कागदपत्रांतून व स्मरणांतून जपला. त्या संग्रामानंतर सामान्य माणसाच्या दारात उभ्या असलेल्या गाडीवर राज्य कसे बदलत गेले, हे मात्र या पत्र्याच्या तुकड्यांवरच लिहिलेले आहे. ते वाचण्याची संधी आणखी काही वर्षांनी उरणार नाही, याची जाणीव अध्यापक व संशोधकांनी ठेवणे हे या विवेचनाचे तात्पर्य होय.